भगदाड दिसले, तर बुजवायचे की लपवायचे?

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे एके काळी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. जमिनीच्या पोटात खोदलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे सुखरूप राहात असे. अशा एखाद्या कोठाराच्या वहीत कारकुनाला १०० पोत्यांचा आकडा दुरुस्त करून ९५ करावयाचा आहे, अशी कल्पना करावी. घाईत त्याने शेवटचे दोनच अंक बदलले आणि आरंभीचा एक तसाच राहू दिला, तर वहीत ९५ ऐवजी १९५ दिसतील. जागा ९५ पोत्यांची आणि नोंद १९५ ची! हमाल नोंदीवर विसंबून माल ओतत राहतील आणि तो शेजाऱ्याच्या पेवात शिरेल.

२०१७ साली जगभरातील संगणक ज्या दोषामुळे संकटात सापडले, तो याच जातीचा होता. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’ प्रणालीच्या गाभ्यात, एका संगणकातील फाइल दुसऱ्या संगणकाला जाळ्यावरून पुरविणाऱ्या भागात, तो दडलेला होता. बाहेरून आलेल्या माहितीची लांबी नोंदविताना मोठ्या आकड्याचा अर्धाच भाग बदलला जाई. परिणामी राखलेली जागा लहान आणि ओतली जाणारी माहिती मोठी. उतू गेलेली माहिती शेजारच्या स्मृतीत शिरे. ती कोणी दुष्ट हेतूने रचून पाठविलेली असेल, तर संगणक तिलाच आज्ञा समजून पाळू लागे. दोष गाभ्यातलाच असल्याने घुसखोराला सारे घर मोकळे होई. त्यासाठी ना परवलीचा शब्द लागे, ना मालकाने काही उघडावे लागे.

मनुष्याच्या हातून चूक होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु चूक दिसल्यावर काय करावे? अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती हेरगिरीसाठी जपून ठेवली आणि तिच्यावर ‘इटर्नलब्लू’ नावाचे हत्यार घडविले. पुढे ते हत्यारच चोरीस गेले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली. १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नामक टोळीने हत्यार चव्हाट्यावर मांडले आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ओलीस धरले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. हत्यार अमेरिकी संस्थेकडून चोरीस गेले होते, हे मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनीच तेव्हा जाहीरपणे सांगितले आणि सरकारांच्या अशा साठेबाजीवर कडक टीका केली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कृष्णाकाठच्या माणसाला वाटेल. तसे ते नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा घाला आला. चोरलेल्या परवलीच्या शब्दांबरोबर त्याने हेच हत्यार वापरले. मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प झाला. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले आणि रॉटरडॅमच्या टर्मिनलवरही तीच गत झाली. तासगाव-मिरजेची द्राक्षे न्हावाशेव्याहूनच जहाजात चढतात आणि युरोपातील त्यांचे एक मोठे दार रॉटरडॅम हेच आहे. सुदैवाने जून हा द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम नव्हे. हाच प्रकार मार्चमध्ये घडता, तर बागाईतदाराने वर्षभर जपलेला माल कंटेनरमध्ये अडकून पडला असता. त्याची भरपाई कोणी दिली असती?

तथापि सारे खापर अमेरिकेच्या माथी फोडून मोकळे होणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुरुस्ती हाती आल्यावर जवळजवळ दोन महिन्यांनी ‘वॉनाक्राय’ आला. त्याला बळी पडलेले बहुसंख्य संगणक ‘विंडोज ७’चे होते आणि त्यांच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती. ती बसविण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. औषध घरात असून रोगी दगावावा, तसेच हे.

स्वदेशी प्रणाली हा यावरचा उपाय आहे काय? सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली आपल्याजवळ आहे आणि तिचा अभिमानही हवा. पण लिनक्सच्या गाभ्यातही, जाळ्याशी संबंधित भागात, असे दोष वेळोवेळी सापडतात. नावाने भिंत पक्की होत नाही. आपल्या सुरक्षा-दुरुस्त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशाच चुकांसाठी असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. डिसेंबर २०२२ पासून लिनक्सच्या गाभ्यात ‘रस्ट’ ही भाषा स्वीकारली गेली, ती या चुका मुळातच रोखण्यासाठी. मार्ग आहे, पण तो कष्टाचा आहे.

रायगडाच्या हिरकणीची कथा मराठी मुलांना पाठ असते. जो कडा अभेद्य समजला जाई, तो ती रात्री उतरून गेली. शिवछत्रपतींनी ती वाट पुढे उपयोगी पडेल म्हणून गुप्त ठेवली नाही. हिरकणीचा सन्मान केला आणि तेथे बुरूज बांधला, असे ही कथा सांगते. राज्यकर्त्याचा धर्म तो हाच. भारताच्या कोणत्याही यंत्रणेला असे भगदाड सापडले, तर ते निर्मात्याला आणि २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ला कळविणे बंधनकारक असावे.

दुसरे कर्तव्य गावपातळीवरचे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. शेतकऱ्याचे कर्जखाते असे वहीतून यंत्रात जात असताना त्या यंत्राची राखण कोण करणार? ‘विंडोज १०’ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. सातारा-सांगलीच्या सोसायट्या, बाजार समित्या आणि रुग्णालये यांत असे संगणक किती, याची मोजदाद व्हावी. वार्षिक सभेत सभासद लाभांश विचारतात. त्याबरोबर त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत : शेवटची दुरुस्ती कधी बसविली, आणि हिशेबाची वेगळी ठेवलेली प्रत उघडून कधी पाहिली?

२००५ च्या महापुराने हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले. पुरापुढे मनुष्याचे चालत नाही. वहीतला चुकलेला आकडा मात्र त्याला सुधारता येतो. तो दिसूनही तसाच राहू दिला, तर दोष दैवाला देता येणार नाही.