मैदान सुटल्यानंतर

शहाद्याच्या कडेने गोमाई नदी वाहते. पावसाळा सरला की तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसू लागते. उत्तरेकडे पाहावे तो सातपुड्याची निळसर रांग उभी असते. थंडीच्या दिवसांत उजाडण्यापूर्वीच येथील मैदानांवर महाविद्यालयातील मुले-मुली धावू लागतात. त्यांतील काही गावातलीच असतात, तर काही डोंगरातल्या पाड्यांवरून शिकावयास आलेली. पाड्यावरच्या मुलांच्या पायांना चढणीची सवय असल्याने सपाट मैदान त्यांना खेळण्यासारखे वाटते. या मुलांच्या मागेपुढे गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस फिरत असतो. तो म्हणजे त्यांचा क्रीडाशिक्षक. त्याच्या शिट्टीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती शिट्टी वाजावयाची थांबल्यावर पुढे काय होते, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही; आणि मला वाटते, त्या शिक्षकाची खरी परीक्षा तेथेच सुरू होते.

आपल्याकडे क्रीडाशिक्षकाचे मोल कपाटातल्या ढालींवरून करण्याची रीत पडली आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ जिंकला की शिक्षक चांगला. हरला की त्याला कोणी विचारीत नाही. ढाली मोजावयास सोप्या असतात, एवढेच या रीतीचे समर्थन आहे. खेळाडू महाविद्यालयात तीन वर्षे असतो, फार तर पाच. त्यानंतरचे त्याचे सारे आयुष्य या मोजणीच्या बाहेरच राहते.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील एक हकीकत येथे आठवते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तेथे शिकत होते. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. २०२४ पासून हाच दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्यांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि कुस्तीचे पहिले धडे खाशाबांना घरीच मिळाले. शरीर किरकोळ असल्यामुळे महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना प्रथम प्रवेशच मिळेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी अनुमती दिली आणि या मुलाने आपल्याहून थोराड गड्यांना चीत केले, असे सांगतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत खाशाबा सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेल्या पैलवानाला तेथली गादी अगदी नवी होती, हे ध्यानी घेतले तर हा क्रमांक लहान म्हणता येणार नाही.

पुढे १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा पैसा नव्हता. गावोगाव वर्गणी जमली, तरी पुरेना. त्या वेळी खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. घर गहाण टाकताना प्राचार्यांच्या हाती कोणते तारण होते? चार वर्षांपूर्वीचा सहावा क्रमांक. पदक येईलच असे कोणी लिहून दिले नव्हते. मुलगा रिकाम्या हातांनी परतला असता, तर घर गेले असते आणि लोकांनी प्राचार्यांना वेड्यात काढले असते. डाव शिकविणारे वस्ताद खाशाबांना अनेक भेटले असतील. परंतु निकाल लागण्यापूर्वी आपले छप्पर पणाला लावणारा माणूस एखाद्यालाच लाभतो. खर्डेकर हे रूढ अर्थाने कुस्तीचे शिक्षक नव्हते. तरीही मला त्यांची गणना मोठ्या क्रीडाशिक्षकांतच करावीशी वाटते.

खाशाबांनी सत्तावन्न किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीचे वर्णन सारेच करतात; मला तिच्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले, असे सांगतात. एकाने घर गहाण टाकले, दुसऱ्याने ते सोडविले. गुरुशिष्य या शब्दात हे नाते पुरते मावत नाही. दोन बरोबरीची माणसे एकमेकांचा शब्द राखतात, तसे ते होते. त्याला स्नेहच म्हणावे लागेल.

यावर कोणी म्हणेल की, शिक्षकाने खेळाडूशी सलगी केली तर शिस्त कशी राहावी? शंका रास्त आहे. परंतु स्नेह म्हणजे लाड नव्हे. मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर फलंदाजाच्या यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. बाद न झाल्यास ते नाणे त्याचे. सचिन तेंडुलकरला ते आपल्या स्कूटरवरून या मैदानावरून त्या मैदानावर खेळावयास नेत. आणि तरी, चांगला खेळलास, हे शब्द सरांनी एकोणतीस वर्षांत कधी उच्चारले नाहीत, असे सचिनने २०१३ साली निवृत्त होताना साऱ्या जगासमोर सांगितले. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये आचरेकर निवर्तले, तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत सचिन होता. स्कूटरवर घेऊन हिंडणारे आणि कौतुकाचा शब्द आखडून ठेवणारे आचरेकर एकच होते. शिस्त आणि माया ज्यांना परस्परविरोधी वाटतात, त्यांनी हे उदाहरण पाहावे.

अलीकडचे उदाहरण स्वप्निल कुसळे याचे. २०२४ साली पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला हे भाग्य लाभले. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या २००४ साली अथेन्सला स्वतः खेळल्या होत्या. तेथे त्यांना पदक मिळाले नव्हते. त्या आपल्याला आईच्या ठिकाणी आहेत, असे स्वप्निल सांगतो.

परंतु ही सारी पदकवाल्यांची उदाहरणे झाली, आणि माझ्या म्हणण्यातील उणीव नेमकी येथेच आहे. यशस्वी शिष्याची आठवण कोणालाही राहते. शहाद्यासारख्या गावी प्रश्न निराळा आहे. येथल्या मैदानावर धावलेला सातपुड्यातला मुलगा शिक्षण अर्धवट सुटले की पुष्कळदा आईबापांबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातो. कालपर्यंत ज्याच्या नावाने टाळ्या वाजत होत्या, त्याच्या हाती कोयता येतो. श्रमात कमीपणा नाही. पण तो कोठे गेला, परत आला का, परीक्षेस बसला का, हे विचारणारे कोणी असते का?

मला असा एक विचारणारा ठाऊक आहे. आमचे सर शहाद्यासच राहतात. मी कबड्डी खेळत असे. गुडघा दुखावला तेव्हा संघाच्या यादीतून माझे नाव त्यांनीच खोडले, आणि मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी ते सायकलवरून घरी आले. दारातूनच आईला म्हणाले, "वहिनी, याला जरा गोमाईपर्यंत घेऊन जातो." त्या दिवशी खेळाचा विषय त्यांनी काढला नाही. नदीपर्यंत गेलो आणि परत आलो, इतकेच. तो फेरफटका आज तीस वर्षे चालू आहे. आता त्यांचा गुडघा माझ्याहून अधिक दुखतो, आणि वाटेत थांबण्याचे निमित्त आम्ही आळीपाळीने शोधतो.

सरांपाशी एक जाड वही आहे. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि सध्याचा ठावठिकाणा तीत लिहिलेला असतो. जिंकलेल्यांची वही निराळी नाही. मला विचाराल तर प्रत्येक महाविद्यालयाने ढालींच्या कपाटाशेजारी अशी एक वही ठेवावी, आणि क्रीडाशिक्षकाचे काम पाहावयास येणाऱ्यांनी आधी ती मागावी.

परवा संध्याकाळी पुलावर त्यांनी ती वही काढली. धडगावकडच्या एका मुलाचा दोन वर्षे पत्ता लागत नव्हता. बाजाराच्या दिवशी त्याचा चुलता भेटला होता. चष्मा पुसून सरांनी जुना पत्ता खोडला, बारडोलीजवळच्या एका गावाचे नाव सावकाश लिहिले आणि मला विचारले, "दिवाळीला गाडी काढशील ना?"