मिती कोणत्या दिवसापासून?

हुंडीची मुदत कोणत्या मितीपासून मोजावयाची हे ज्या घरांत लहानपणीच शिकविले जाते, तेथेही बाळंतपणाची तारीख मात्र एकाच ठोकताळ्याने काढतात : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ९ महिने ७ दिवस, म्हणजे सुमारे २८० दिवस. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमात एक गृहीत आहे. पाळी २८ दिवसांची आणि गर्भधारणा चौदाव्या दिवसाच्या सुमारास, असे त्यात धरलेले असते.

आयव्हीएफमध्ये असे काही धरण्याचे कारण उरत नाही. फलन प्रयोगशाळेत होते आणि त्याचा दिवस नोंदलेला असतो. तेथून २६६ दिवस मोजावेत. पाच दिवसांचा भ्रूण असेल तर तो गर्भाशयात सोडल्यापासून २६१, तीन दिवसांचा असेल तर २६३.

एक उदाहरण घ्यावे. पाच दिवसांचा गोठविलेला भ्रूण १० मार्च २०२५ रोजी सोडला, तर अपेक्षित तारीख २६ नोव्हेंबर येते. भ्रूण गोठवून सहा महिने ठेवला की दोन वर्षे, याने उत्तर बदलत नाही. तो काळ बिनव्याजी ठेवीसारखा. कागदावर मात्र सोडण्याच्या दिवशीच ‘२ आठवडे ५ दिवस’ असे लिहिलेले असते आणि घरातील वडीलधारी बुचकळ्यात पडतात. तो केवळ पाळीपासून मोजण्याच्या जुन्या पद्धतीशी घातलेला मेळ होय.

आता समजा, गर्भाशयाचे अस्तर तयार होण्यास अधिक दिवस लागले आणि पाळी १२ फेब्रुवारीची होती. घरच्या हिशेबाने तारीख १९ नोव्हेंबर ठरते. शस्त्रक्रियाच करावयाची तर आठवडाभर आधीचा, १२ नोव्हेंबरचा मुहूर्त चांगला निघतो. घरच्यांना वाटते, ३९ आठवडे भरले. प्रत्यक्षात भरलेले असतात ३८. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी नियोजित शस्त्रक्रिया डॉक्टर सहसा टाळतात, कारण बाळाला श्वसनाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. मुहूर्तासाठी हा आठवडा खर्ची घालणे कोणत्याही वहीत बसत नाही. उलट २६ तारखेला ‘सात दिवस उलटले’ म्हणून कळा आणण्याचा आग्रह धरणेही तितकेच चुकीचे, कारण त्या दिवशी ४० आठवडे नुकतेच पूर्ण होत असतात.

पहिले बाळंतपण अनेकदा माहेरी होते आणि तेथील डॉक्टरांना आयव्हीएफची माहिती नसते. ते पाळीची तारीख विचारतात, मुलगी ती सांगते आणि संकोचामुळे पुढचे बोलणे राहून जाते. भ्रूण किती दिवसांचा होता आणि कोणत्या तारखेस सोडला, हे लिहिलेला केंद्राचा कागद सोनोग्राफीच्या फायलीत सर्वांत वर लावून द्यावा.