शुल्कमुक्त कापूस आयातीमुळे काम गमावलेल्या जिनिंग-प्रेसिंग कामगारांना साहाय्य मिळण्याबाबत निवेदन

परभणी
दिनांक : 8 डिसेंबर 2025

प्रति,
मा. मुख्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, परभणी

विषय : कापसाच्या शुल्कमुक्त आयातीचा फटका बसलेल्या परभणी जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग कामगारांना बेरोजगार भत्ता, पर्यायी काम व सामाजिक सुरक्षा मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे, परभणी, सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर व गंगाखेड भागातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत राबणारे स्त्री-पुरुष कामगार आहोत. आपल्या सेवेत पुढील निवेदन सादर करीत आहोत.

केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरील 11 टक्के आयात शुल्क माफ केले. ही माफी सुरुवातीला 30 सप्टेंबरपर्यंत होती. पुढे ती 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली गेली. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के कर लादल्याने कापड व तयार कपड्यांची निर्यात अडचणीत आली आणि गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून हा निर्णय झाला, हे आम्ही जाणतो. तिरुपूरच्या शिलाई कामगाराची रोजी टिकावी याला आमचा विरोध नाही. तोही आमच्यासारखाच हातावर पोट असणारा माणूस आहे. आमचे म्हणणे इतकेच आहे की, एका कामगाराला वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाने दुसऱ्या कामगाराचे काम जात असेल, तर त्या दुसऱ्याची तरतूद त्याच निर्णयात असली पाहिजे. ती आज नाही.

आमचे काम कसे जाते, हे समजून घ्यावे. परदेशातून कापूस येतो तो सरकी काढून, दाबून, गाठी बांधून. बंदरावर उतरलेली गाठ थेट सूतगिरणीत जाते. तिला जिनची गरजच उरलेली नसते. आपल्याकडे 170 किलो रुईची एक गाठ तयार व्हायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाच्या अंदाजानुसार 2023-24 च्या हंगामात देशात सुमारे 15 लाख गाठी आयात झाल्या, तर 2024-25 मध्ये सुमारे 41 लाख. हंगामाचा बहुतेक काळ शुल्क लागू असताना ही वाढ झाली. 41 लाख गाठी म्हणजे सुमारे दोन कोटी क्विंटल कापसाचे जिनिंग. ते काम देशातल्या एकाही जिनवर झाले नाही. त्यातली काही रुई आपल्याकडे पुरेशा प्रमाणात न पिकणाऱ्या अतिलांब धाग्याची होती, हे आम्हाला मान्य आहे. पण सगळीच तशी नव्हती.

सरकीचेही तसेच. एक क्विंटल कापसातून साधारण 65 किलो सरकी निघते. गाठ बाहेरून आली की ती सरकी इथल्या तेल गिरणीला मिळत नाही, पेंड निघत नाही, सरकीची पोती उचलणाऱ्या हमालालाही काम राहत नाही. त्यातच 30 मे 2025 रोजी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणले गेले. तेल गिरण्यांतील कामगारांवर याचा वेगळा ताण आहे.

गुलाबी बोंडअळी, कापसाकडून सोयाबीनकडे वळलेले क्षेत्र आणि यंदा सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी, यांमुळेही जिनवर येणारा माल घटतो. सगळे खापर आयातीवर फोडण्याचा आमचा हेतू नाही. मात्र निसर्गाचा घाला कुणाच्या हाती नसतो, शुल्कमाफी सरकारच्या हाती असते. त्यामुळे तिच्या परिणामांची जबाबदारीही सरकारचीच आहे.

जिनमधील कामाचे स्वरूप येथे नोंदवणे आवश्यक आहे. दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत आमचा हंगाम. बैलगाडी, टेम्पो, ट्रॅक्टरमधून आलेला कापूस उतरवून गंजी लावायची, बाया खाली बसून कवडी आणि पालापाचोळा वेचणार, पुढे डबल रोलर जिनवर कापूस टाकायचा, निघालेली रुई प्रेसमध्ये दाबून गाठ बांधायची. दिवसभर नाकातोंडावर पदर किंवा रुमाल बांधूनही रुईची धूळ छातीत जातेच. मजुरी रोजावर किंवा गाठीवर ठरते. नाव असते ते मुकादमाच्या वहीत. हजेरी कार्ड नाही, पगारपत्रक नाही, सेवापुस्तिका तर नाहीच. काम थांबले की मुकादम फक्त "उद्या येऊ नका" एवढेच सांगतो.

आता कायद्याकडे लक्ष वेधतो. बेरोजगार झालेल्या विमाधारक कामगाराला अटल बिमित व्यक्ती कल्याण योजनेतून 90 दिवसांपर्यंत वेतनाच्या 50 टक्के रक्कम मिळते. ही योजना 1 जुलै 2018 पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळ चालवते. पण 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातील कलम 2 (19-अ) मध्ये "हंगामी कारखाना" याची व्याख्या करताना कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग यांची नावे घेतली होती व असे कारखाने कायद्याबाहेर ठेवले होते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्यांचे हे वगळणे कायम आहे. ले-ऑफची भरपाईही हंगामी आस्थापनांना लागू नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. त्यात मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आहे. पण पुढच्या हंगामात ज्याला बोलावलेच नाही, त्याची कागदावर "कपात" होत नाही. थोडक्यात, काम गेल्यावर आधार देणारी एकही तरतूद आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

असे साहाय्य देणे ही नवी किंवा अशक्य गोष्ट नाही. याच देशात 1986 साली बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू झाली. तीत पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 टक्के व तिसऱ्या वर्षी 25 टक्के रक्कम देण्याची तरतूद होती. अमेरिकेने 1962 च्या व्यापार कायद्यातच आयातीने विस्थापित होणाऱ्या कामगारांसाठी भत्ता व प्रशिक्षणाची सोय केली आणि ती अनेक दशके चालवली. युरोपीय संघाने 2007 पासून यासाठी स्वतंत्र निधी ठेवला आहे. व्यापार खुला करणाऱ्यानेच त्याची झळ बसलेल्याला सावरायचे, हे तत्त्व तिथे मान्य झाले. तेच तत्त्व परभणीच्या जिन कामगाराला लागू व्हावे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. जिल्ह्यातील सर्व जिनिंग-प्रेसिंग कारखाने व सरकी तेल गिरण्यांतील कामगारांचे 30 दिवसांत सर्वेक्षण करावे. मुकादमाच्या वह्या, कारखान्यांची गाठ नोंदवही, वीजवापर आणि बाजार समित्यांची आवक पुरावा म्हणून ग्राह्य धरावी. कामगाराकडे कागद नाही या कारणावरून त्याला वगळू नये.

2. काम बंद किंवा निम्म्याहून कमी झालेल्या कामगाराला किमान वेतनाच्या 50 टक्के दराने 90 दिवसांचा अंतरिम भत्ता राज्य सरकारने थेट बँक खात्यात द्यावा. स्त्री कामगारांचा भत्ता त्यांच्या स्वतःच्या खात्यातच जमा व्हावा.

3. "हंगामी कारखाना" या व्याख्येतून कापसाचे जिनिंग-प्रेसिंग वगळण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तोवर असंघटित कामगारांसाठी योजना आखण्याच्या अधिकारातून आम्हाला आरोग्य विमा व बेरोजगार भत्ता लागू करावा.

4. कापसावरील 11 टक्के शुल्कात 5 टक्के मूळ शुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आणि त्या दोन्हींवरील अधिभार येतो. या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा कापूस प्रक्रिया कामगारांच्या कायमस्वरूपी साहाय्य निधीसाठी राखून ठेवावा, असा प्रस्ताव केंद्राला पाठवावा.

5. 31 डिसेंबर 2025 नंतर शुल्कमाफीला मुदतवाढ देऊ नये, अशी राज्याची भूमिका केंद्राला लेखी कळवावी. पुढे ऑक्टोबर ते मार्च या काळात अशी माफी द्यायची झाल्यास कापूस उत्पादक राज्यांशी आधी सल्लामसलत व्हावी आणि कामगार साहाय्याची तरतूद त्याच अधिसूचनेसोबत जाहीर व्हावी.

6. भारतीय कापूस महामंडळाने जिल्ह्यात खरेदी केलेल्या कापसाचे जिनिंग तालुकानिहाय वाटून द्यावे. जिन मालकांशी होणाऱ्या करारात किमान वेतन, कामगारांची नोंद, हजेरी कार्ड व धूळ-प्रतिबंधक साधने या अटी घालाव्यात.

7. मनरेगा ग्रामपंचायत हद्दीपुरती असल्याने शहरांत राहणाऱ्या कामगारांना ते काम मागता येत नाही. त्यांच्यासाठी राज्याच्या निधीतून रोजगाराची कामे सुरू करावीत.

8. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमार्फत जिन फिटर, मोटार दुरुस्ती, कापूस प्रतवारी व तेलबिया प्रक्रिया यांचे विद्यावेतनासह प्रशिक्षण द्यावे. प्रशिक्षणाची वेळ व ठिकाण असे असावे की लेकुरवाळ्या बायांनाही येता यावे.

9. प्रत्येक तालुक्यात ई-श्रम नोंदणी व छातीच्या तपासणीची शिबिरे घ्यावीत.

महोदय, कापसाला 2025-26 साठी मध्यम धाग्यास 7,710 व लांब धाग्यास 8,110 रुपये प्रतिक्विंटल हमीभाव जाहीर झाला आहे. शेतकऱ्याला तो मिळालाच पाहिजे, कारण त्याच्या कापसावरच आमची चूल पेटते. शेतकऱ्याला हमीभाव आहे, गिरणीला शुल्कमाफी आहे. या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या कामगारासाठीही सरकारने काही हमी द्यावी, एवढीच आमची रास्त अपेक्षा आहे.

वरील मागण्यांवर 15 दिवसांच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयात कामगार विभाग, सहकार व पणन विभाग, कापूस महामंडळ, जिन मालक आणि कामगार प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक बोलवावी व तिचे इतिवृत्त आम्हाला द्यावे. तसे न झाल्यास आम्हाला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर सनदशीर मार्गाने बेमुदत धरणे धरावे लागेल. ती वेळ आपण येऊ देणार नाही, असा विश्वास आहे.

आपले नम्र,
परभणी जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग कामगार
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व कार्यवाहीस्तव :
1. मा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री, नवी दिल्ली
2. मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री, नवी दिल्ली
3. मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
4. मा. पालकमंत्री, परभणी जिल्हा
5. मा. खासदार, परभणी लोकसभा मतदारसंघ