विश्लेषण : पक्ष्यांच्या पायातल्या रिंगेचा हिशेब कोण ठेवणार?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर भल्या पहाटे जाळी उघडली जातात. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले, मुठीत मावतील एवढे गाणारे पक्षी त्यात अडकतात. त्यांच्या पायात क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची रिंग घालून त्यांना लगेच सोडून दिले जाते. या रिंगांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचेच भवितव्य २०२५ मध्ये टांगणीला लागले.

नेमके काय घडले?

मेरीलँडमधील ‘बर्ड बँडिंग लॅबोरेटरी’ १९२० पासून काम करते. ती अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या (यूएसजीएस) परिसंस्था विभागात येते. ट्रम्प प्रशासनाने २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात या विभागाच्या निधीत जवळपास ९० टक्के कपात सुचवली. अंतिम निर्णय तिथल्या संसदेचा असतो. तरीही विभागच गुंडाळला तर प्रयोगशाळेचे काय, हा प्रश्न उभा राहिला. रिंग देणे, परवाने देणे आणि नोंदी सांभाळणे ही तिन्ही कामे इथूनच होतात. कॅनडातील पक्ष्यांनाही याच क्रमांकमालिकेतल्या रिंगा घातल्या जातात.

किनाऱ्यावरच्या केंद्रात काय चालते?

मॅसॅच्युसेट्समधील मॅनोमेटचे उदाहरण घेता येईल. तिथे १९६० च्या दशकापासून वसंत आणि शरद ऋतूत हे काम चालू आहे. झुडपांमध्ये सुमारे १२ मीटर लांबीची, डोळ्यांना सहज न दिसणारी बारीक जाळी लावतात आणि ठरावीक वेळाने त्यांची पाहणी करतात. अडकलेला पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. मग जात, पंखाची लांबी आणि वजन नोंदवले जाते. गळ्याखालच्या पिसांवर हळूच फुंकर मारली की त्वचेखालची चरबी दिसते. डोक्यावरची पिसे बाजूला सारून वयही ओळखता येते, कारण त्याच वर्षी जन्मलेल्या पक्ष्याची कवटी अजून पूर्ण टणक झालेली नसते. काही मिनिटांतच पक्षी पुन्हा मोकळा होतो.

किनाराच का?

अथांग पाणी ओलांडण्याआधी पक्षी इथे थांबतात, खातात, चरबी साठवतात. ब्लॅकपोल वार्बलरचे नेहमीचे वजन जेमतेम १२ ग्रॅम. प्रवासाआधी ते जवळजवळ दुप्पट होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा पक्षी दोन ते तीन दिवस न थांबता उडून २,२७० ते २,७७० किलोमीटर समुद्र पार करतो.

एक गंमत मात्र आहे. शरद ऋतूत किनाऱ्यावर सापडणाऱ्या पक्ष्यांत पहिल्यांदाच प्रवासाला निघालेल्या पिल्लांचे प्रमाण फार मोठे असते. म्हणून एखाद्या वर्षीचा आकडा पाहून ‘पक्षी वाढले’ किंवा ‘घटले’ असे म्हणता येत नाही. त्याच जागी, तेवढ्याच जाळ्यांनी, वर्षानुवर्षे मोजले तरच खरा बदल दिसतो. इथे खंड पडला तर मागे जाऊन ती वर्षे भरून काढता येत नाहीत.

पक्ष्यांना इजा होत नाही का?

धोका शून्य नाही. अमेरिका आणि कॅनडातील २२ संस्थांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जखमी होण्याचे प्रमाण ०.५९ टक्के, तर मृत्यूचे ०.२३ टक्के आढळले. म्हणूनच प्रशिक्षण आणि सरकारी परवान्याशिवाय हे काम कुणालाही करता येत नाही.

आधुनिक टॅग असताना रिंग कशाला?

बहुतेक उपग्रह टॅग इतक्या छोट्या पक्ष्यांना पेलत नाहीत. वार्बलरच्या अभ्यासात सुमारे अर्ध्या ग्रॅमची उपकरणे वापरली होती, पण ती माहिती आपणहून पाठवत नव्हती. वर्षभराने तोच पक्षी पुन्हा पकडावा लागला. म्हणजे नव्या तंत्रज्ञानाचीही वाट शेवटी जाळ्याशीच आली.

नोंदवही बंद पडली तर?

रिंग घातलेल्या शंभर गाणाऱ्या पक्ष्यांपैकी एखादाही दुसरीकडे सापडेल याची खात्री नसते. सापडलाच, तर रिंगेवर असतो फक्त क्रमांक. तो पक्षी कधी, कुठे, किती वयाचा असताना पकडला होता, हे सारे नोंदवहीत असते. प्रयोगशाळेकडे अशा ७ कोटींहून अधिक नोंदी आहेत. बदकांच्या शिकारीची मर्यादा ठरवतानाही त्यांचा आधार घेतला जातो. २०१९ च्या एका अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतील पक्षी जवळपास ३०० कोटींनी घटले. ही घट कुठे आणि कशामुळे होते, हे शोधायला प्रत्येक पक्ष्याचे वय आणि आयुर्मान ठाऊक असावे लागते.

भारतात हेच काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते. तिच्या रिंगांवर संस्थेला कळवण्याची सूचना असते, कारण कळवले नाही तर रिंग म्हणजे नुसता धातूचा तुकडा.

याचा सर्वात बोलका पुरावा एका समुद्रपक्ष्याचा आहे. २००२ मध्ये प्रशांत महासागरातील मिडवे बेटावर चँडलर रॉबिन्स यांनी एका अल्बाट्रॉस मादीची रिंग वाचली आणि जुन्या नोंदी चाळल्या. तिला पहिली रिंग त्यांनीच १९५६ मध्ये घातली होती. ‘विस्डम’ नावाने जगभर ओळखली जाणारी ही मादी २०२४ मध्येही अंडे घालायला त्याच बेटावर परतली. मधल्या काळात तिच्या रिंगा झिजल्या, बदलल्या. वही जपली होती म्हणूनच तिचे वय जगाला कळले.