खोडव्यातला चाबूक

मुंबईतल्या डिलाईल रोडच्या चाळींतून सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जाणाऱ्या फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "राहू दे की अजून एक वर्ष खोडवा." गिरण्या गेल्या, पण गावाकडचा एक-दीड एकर ऊस सुटलेला नाही. तो भावाकडे असतो, नाहीतर वाटेकऱ्याकडे. नवी लागण म्हटली की नांगरट आली, बेणं आलं, मजुरी आली. त्यापेक्षा तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा स्वस्त. म्हणून तिसरा, चौथाही धरला जातो, आणि काणी या बुरशीच्या रोगाचं तिथेच फावतं.

ऊस हे शेवटी गवतच. तोडलं तरी बुडख्यातून पुन्हा फुटणारं. काणीची बुरशी त्या बुडख्यातच टिकून राहते. लागणीत एखाद-दुसरं बेट दिसतं, खोडव्यात सरीच्या सरी. ऊस बोटाएवढा बारीक, फुटव्यांची गवतासारखी गर्दी, आणि शेंड्यातून वर आलेला काळा चाबूक. कधी वीतभर, कधी हातभराहून लांब, टोकाला वळलेला. कोवळा असतो तोवर त्याच्यावर चंदेरी पापुद्रा असतो. पापुद्रा फाटला की नुसतं बोट लावलं तरी काजळी लागते. ती काजळी म्हणजे लाखो बीजाणू. वारा सुटला की ते शेजारच्या रानात.

हा रोग १८७७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. आपल्याकडे को ७४० या जातीने महाराष्ट्राचे कारखाने वर्षानुवर्षं चालवले, पण काणीपुढे ती फार हळवी होती. पुढे १९९६ मध्ये पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने को ८६०३२ शेतकऱ्यांना दिली, ती या रोगाला बरीच तोंड देते. पण चांगल्या जातीचं बेणंही काणी लागलेल्या रानातून उचललं तर रोग कांडीबरोबरच नव्या सरीत जातो. म्हणून बेणं बेणेमळ्यातलंच घ्यावं, गरम बाष्पाची प्रक्रिया केलेल्या मूळ बेण्यापासून वाढवलेलं. पाहुण्याच्या रानातलं फुकट बेणं फार महाग पडतं.

आणि चाबूक दिसला की तो नुसता मोडून पाटात टाकू नये. त्याने सगळ्या रानात काजळी उडते. पोरं तो खेळायला नेतात, त्यांनाही आवरावं. आधी त्यावर हलकेच पिशवी चढवायची, तोंड आवळायचं, मग कापायचा. नंतर ते बेट मुळासकट खणून जाळायचं. असं रान असेल तर पुढचा खोडवा धरायचाच नाही. तिथे एखादं दुसरं पीक घ्यायचं.

उन्हाळ्यात काणीचा जोर असतो आणि गावच्या जत्राही त्याच दिवसांत येतात. मुंबईकर तेव्हा घरी असतोच. पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी वारं पडलेलं असताना भावाला घेऊन एकदा उसातून फिरा. जाताना चार पिशव्या आणि कुदळ बरोबर घ्या. खोडव्याचं काय ते मग तिथे उभं राहूनच ठरवा.