फूट कशावरून पडली, ते सांगा

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत पक्ष विचारत नाहीत, गट विचारतात. बाबर गट, देशमुख गट, पाटील गट, पडळकर गट. वरची पाटी बदलते, खालची माणसं तीच राहतात. गोपीचंद पडळकर 2014 ला इथून भाजपचे उमेदवार होते, 2019 ला सांगली लोकसभेला वंचित बहुजन आघाडीचे, त्याच वर्षी बारामतीत पुन्हा भाजपचे, आणि आज ते जतचे भाजप आमदार आहेत. अनिल बाबर राष्ट्रवादीतून शिवसेनेत आले आणि जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. अपात्रतेची नोटीस निघालेल्या 16 आमदारांत त्यांचं नाव होतं.

बाबरांच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणानं मान्य केली पाहिजे. शिंद्यांबरोबर का गेलो, याचं त्यांनी कारण सांगितलं : टेंभू उपसा योजनेचं पाणी. 31 जानेवारी 2024 रोजी त्यांचं निधन झालं, तोवर योजनेच्या सहाव्या टप्प्याचा पाठपुरावा त्यांनी सोडला नव्हता. पण सरकारांकडून या तालुक्याला जे मिळालं, ते कोणत्या कागदावर मिळालं, हे एकदा बघा.

उपसा योजनांच्या वीजबिलाचं उदाहरण घ्या. 81 टक्के शासन भरणार, 19 टक्के शेतकरी. यानं फार मोठा दिलासा मिळाला, कारण त्याआधी बिल थकलं की पंप बंद आणि टंचाई निधी आला की सुरू, असा खेळ चालायचा. मात्र हा दिलासा शासन निर्णयाचा आहे. तो एका सहीनं येतो, एका सहीनं जातो. म्हणून डाळिंबाची बाग जळायला लागली की शेतकरी अजूनही कुठल्यातरी नेत्याच्या दारात आवर्तनाची मागणी घेऊन उभा राहतो. गटांची सगळी ताकद त्या दारात आहे. पाण्याचा हक्क कायद्यानं बांधून मिळाला, तर निम्मे गट आपोआप विरतील.

आटपाडीला हे तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी इथं पाणी परिषदा घेतल्या. पाणी द्या एवढंच त्या म्हणत नव्हत्या. पाणी समन्यायी वाटा, ज्याला जमीन नाही त्याच्या घरालाही वाटा द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. पण 2011 च्या दुरुस्तीनं शेती, उद्योग, पिण्याचं पाणी यांच्यात वाटा ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे नेला. दुष्काळी तालुक्यांच्या मुळावर येणारी ही दुरुस्ती. तिच्यावरून एकही पक्ष फुटला नाही.

हक्क कायद्यानं बांधून घेण्याचं काम याच सांगली जिल्ह्यानं एकदा करून दाखवलेलं आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात रोजगार हमीचा प्रयोग केला. पुढं 1972 चा दुष्काळ आला. आटपाडी-माणच्या बायका उन्हात खडी फोडायला बसल्या, बोटं फुटू नयेत म्हणून त्यांना चिंध्या गुंडाळत, आणि दुपारी पोरांच्या हातावर सुकडी पडे. शहरातल्या पगारदारांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसला, तो या कामांच्या मजुरीसाठी. 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा केला. जुलै 1978 मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार शरद पवारांनी पाडलं. काँग्रेस उभी चिरली गेली, सांगलीत घराघरांत वैर आलं. तरी 26 जानेवारी 1979 ला तो कायदा अमलात आला, तोही पवारांच्या सरकारात. कायदा माणसांपेक्षा जड झाला होता.

आज तसं का होत नाही, याला केवळ नेत्यांची हाव कारण नाही. पक्षांतरबंदी कायद्यानुसार एखाद्या विधेयकावर पक्षादेशाविरुद्ध एकट्यानं मत दिलं, तर आमदारकी जाऊ शकते. दोन-तृतीयांश जणांनी मिळून विलीनीकरणाचा मार्ग धरला, तर संरक्षण आहे. म्हणजे विधेयकावर भांडायला बंदी आणि पक्षावर भांडायला वाट! भांडण मग 2022 सारखं सभागृहातून उठून सुरत-गुवाहाटीच्या हॉटेलात जातं. नाहीतर ते मंत्रालयाच्या जाळीवर उतरतं : 4 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि इतर आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या घेतल्या. त्यांच्या मागण्यांत धनगरांना अनुसूचित जमातीत घेण्याला विरोध ही एक मागणी होती. पडळकर याच आरक्षणासाठी लढत आलेत, आणि दोघंही एकाच सत्ताधारी युतीचे! अनुसूचित जमातींची यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. दोन्ही समाजांना शब्द देण्याआधी ही चर्चा युतीच्या बैठकीत, दार लावून का होईना, व्हायला हवी होती. झाली असती, तर आटपाडीच्या वाड्या-वस्त्यांवरचा धनगर मेंढपाळ 2014 पासून आरक्षणाच्या त्याच एका आश्वासनावर ताटकळला नसता.

अनिल बाबरांचे पुत्र सुहास बाबर आता, आटपाडी ज्यात येते त्या, खानापूरचे आमदार आहेत, पडळकर जतचे. दोघांच्याही पक्षांकडे सत्ता आहे, आणि दोघांच्याही मतदारसंघांचं गाऱ्हाणं पाणी हेच आहे. 81-19 ला कायद्याचं बळ देणारं आणि आवर्तनाच्या तारखा बांधून देणारं अशासकीय विधेयक दोघांनी मिळून मांडावं. पक्षानं अडवलं, तर कोणी अडवलं ते आटपाडीच्या बाजारात येऊन नावानिशी सांगावं.