उलट्या आट्यांची बुलेट
मद्रासमध्ये १९५५ साली बुलेट जुळू लागली, तेव्हापासूनच्या चार गिअरवाल्या जुन्या गाड्यांचं पुढचं स्प्रॉकेट निघेना की पहिला संशय गंजावर जातो. तो आधी आट्यांवर जायला हवा. या स्प्रॉकेटचा नट डाव्या आट्यांचा, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटणारा. हे ठाऊक नसलेला पहिलवान पान्याला हातभर पाईप लावून नट आणखी आवळत बसतो आणि मग ‘जाम झालंय’ म्हणत छन्नी काढतो. छन्नीने ओरबाडलेले नट इतके दिसतात, की कंपनीनेच तसे दिले असावेत असं वाटावं! मुळात तिथवर पोचायलाच प्रायमरी चेनकेस आणि क्लच उतरवावा लागतो, मग शेवटच्या नटाशी घाई कशाला? आधी नट अडकवून धरणारी पट्टी सोडवावी, गंजावरचं तेल सोडून रात्रभर मुरू द्यावं. चेन स्प्रॉकेटवरच ठेवून एकाने मागचा ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे सगळा जोर नटावर लागतो. तरीही ढिम्म असेल तर नट बाहेरून तापवायचा. तो किंचित फुगतो, गंजाची पकड सुटते. ज्योत मात्र जपून, मागेच रबरी ऑईल सील आहे. नट निघूनही स्प्रॉकेट खाचांवर अडलं तर पुलर लावावा. हातोडी दातांवर घातली तरी मार आतल्या बेअरिंगला बसतो, आणि ते बदलायचं तर अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो.